मान, मनगट आणि सबमिशनचा आठवडा

नमस्कार श्रोतेहो.

कला महाविद्यालयांत वार्षिक प्रदर्शन जवळ आलं, की आम्हा फिजिओथेरपिस्टांकडे विशीतली मुलंमुली दिसू लागतात. बोटं चारकोलनं काळी, नखांत शाडूची माती आणि तक्रारी मात्र आजी-आजोबांच्या. मान धरलीये, अंगठा ठणकतोय, कंबर सरळ होत नाही. घरचे म्हणतात, "चित्रं काढून कुठं अंग दुखतं होय?"

दुखतं. ओझं उचलून दुखतं, तसंच एका जागी खिळून बसूनही दुखतं. स्नायू सतत ताणलेला राहिला, की त्याला रक्तपुरवठा कमी पडतो आणि काहीच न हलवता तो थकतो. आपलं डोकं साधारण ५ किलोचं. ते खांद्यांवर तोललेलं असेल तर जाणवत नाही. बोर्डावर झुकलं, की मानेमागचे स्नायू ते तासन्‌तास धरून ठेवतात. इटालियन चित्रकार मायकेलअँजेलोनं व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेल या प्रार्थनागृहाचं छत रंगवलं १५०८ ते १५१२ मध्ये. त्याची मान उलटी, मागे वाकलेली. अंगाची काय दैना झाली, ते त्यानं मित्राला चक्क कवितेतून कळवलं होतं!

आता अंगठा. पेन्सिल चिमटीत घट्ट धरून बारीक शेडिंग करणाऱ्यांचा हा हमखास दुखणारा भाग. घरी बसून करून बघा. अंगठा तळहातावर ठेवा, त्यावर मूठ मिटा आणि मनगट अलगद करंगळीच्या बाजूला झुकवा. थोडा ताण सगळ्यांनाच जाणवतो. पण अंगठ्याच्या बुडाशी सणकन कळ आली, तर तिथल्या स्नायुबंधांभोवतीचं आवरण सुजलेलं असण्याची शक्यता असते. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं मनगटातली नस दबत असू शकते.

शिल्पकलेच्या मुलांचं निराळं. माती मळणं, छिन्नी-हातोड्याचे हादरे, प्लास्टरचे साचे उचलणं. ती मुलं निदान हलत तरी असतात. डाँकीवर, म्हणजे त्या बुटक्या बाकावर, पाठीला टेकू नसताना बसणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. बाकाची उंची एकच, मुलं मात्र पाच फुटांपासून सहा फुटांपर्यंत!

उपाय तुमच्या सरांनीच सांगितलाय. "उठ, लांबून बघ." चित्राची रचना तपासायला चार पावलं मागे जाता, तेवढ्यात मान-पाठही मोकळी होते. दर अर्ध्या तासानं ते कराच. बोर्ड आडवा न ठेवता ईझलवर, म्हणजे उभ्या तिकाटण्यावर, डोळ्यांच्या पातळीला आणा. मोठ्या रेषा मनगटातून नको, खांद्यातून ओढा. ब्रशची दांडी फार बारीक वाटत असेल, तर तिला कापडी पट्टी गुंडाळून जाड करा, पकड आपोआप सैलावते.

एका गोष्टीवर मात्र मी चिडते. मेडिकलमधून पेनकिलर आणायची, मनगटाला क्रेप बँडेज बांधायचं आणि पुन्हा रात्र जागायची. मित्रमंडळींत त्याचं कौतुकही होतं. गोळीनं कळ दबते, दुखण्याचं मूळ आहे तिथंच राहतं. बधिरपणा टिकून राहिला, हातातून ब्रश निसटायला लागला किंवा दुखण्यानं झोपमोड होऊ लागली, तर सबमिशनची तारीख बघत बसू नका. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना हात दाखवा आणि सरांकडे चार दिवसांची मुदत मागून घ्या.

नमस्कार.