गळाला न लागलेले दोनशे

(दृश्य: सकाळचं तळं, एक होडी, पाण्यात पडणारा गळ)

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, चार्ल्सटन गावाजवळ फॉक्स रिज नावाचं सरकारी उद्यान आहे. त्यात एक छोटं तळं आहे, रिज लेक. १९७५ साली इथे एक वेगळाच हिशेब सुरू झाला. गळ टाकायला यायचं तर आधी वेळ राखून ठेवायची. बास मासा लागला की तो होडीतल्याच पाण्याच्या टाकीत ठेवायचा, मग मोजायचा, बिल्ला लावायचा आणि परत तळ्यात सोडायचा. तोच पुन्हा लागला, की त्याच्या नावावर आणखी एक नोंद.

चार वर्षं हे चाललं. एक बास पहिल्या दोन दिवसांतच तीनदा लागला. दुसरा एक महाभाग एका वर्षात सोळा वेळा वर आला. चार वर्षांनी तळ्याचं पाणी सोडून दिलं, तेव्हा १,७००हून जास्त मासे हाती आले. त्यातले सुमारे २०० असे निघाले, की पूर्ण चार वर्षं त्याच पाण्यात काढूनही ते एकदासुद्धा गळाला लागले नव्हते.

गरवायला बसलेला माणूस कुठल्याही देशातला असो, रिकाम्या हाताने उठताना त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं: इथले मासे आता शहाणे झालेत. हे बोलणं नुसतं मनाच्या समाधानासाठी असतं, की त्यात काही तथ्य आहे?

(दृश्य: पाण्यातून फिरत जाणारं चकचकीत स्पिनर, मागे पाइकची सावली)

तथ्य आहे. नेदरलँड्समधले संशोधक बॉइकेमा यांनी १९७० मध्येच ते दाखवून दिलं. त्यांनी तलावांमध्ये पाइक या शिकारी माशावर दोन प्रकारचे गळ टाकून पाहिले. एक स्पिनर, म्हणजे पाण्यात ओढलं की गरगर फिरणारं धातूचं पातं. दुसऱ्या गळाला जिवंत मासोळी. स्पिनरला लागणारे पाइक बघता बघता कमी झाले. जिवंत मासोळीला मात्र ते लागतच राहिले. पाइकच्या बाजूने विचार करा. चकाकणारं पातं टाळून त्याचं काहीच बिघडत नाही, पण जिवंत मासोळी टाळायची ठरवली तर खायचं काय?

त्याच सुमारास बॉइकेमांनी कार्पवरही प्रयोग केले. आपल्या धरणांत आणि बाजारात ‘सायप्रिनस’ म्हणून मिळतो तोच हा मासा. त्याला एकच अनुभव पुरला. एकदा गळ लागून सुटलेला कार्प पुढे वर्षभर सहजासहजी हाती येईना.

(दृश्य: काचेच्या टाकीत कार्प, तोंड अगदी जवळून)

कार्प खातो कसा, ते जरा नीट बघा. तो चावा घेत नाही. तोंड नळीसारखं पुढे काढतो आणि समोरचं सगळं पाण्यासकट आत ओढतो: दाणा, चिखल, खडे, काडीकचरा. तोंडाच्या आत टाळूला एक मांसल गादी असते, चव ओळखणाऱ्या पेशींनी भरलेली. तिच्यावर निवडटिपण होतं. खाण्याजोगं असेल ते मागे घशातल्या दातांकडे जातं, बाकीचं फूंकरीसरशी बाहेर. गळ आत गेला, तरी टोचायच्या आधी तो बाहेर फेकला जाऊ शकतो. पाण्यावर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

या सवयीवर माणसानेही तोड काढली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोन इंग्रज गळकऱ्यांनी आमिष गळात खुपसणंच बंद केलं. गळ मोकळा, आणि आमिष त्याच्याजवळ एका बारीक धाग्याने लोंबतं. सुरुवातीला हा धागा म्हणजे खरोखर माणसाचा केस होता, म्हणून या पद्धतीला आजही ‘हेअर रिग’ म्हणतात. आमिष मोकळ्या दाण्यासारखं अलगद तोंडात जातं, त्यापाठोपाठ गळ, आणि कार्प ते थुंकायला गेला की गळ ओठात रुततो. कार्प पकडणाऱ्यांचं जगच या केसाने बदलून टाकलं. मासे शिकत नसते, तर एवढी उठाठेव कुणी कशाला केली असती?

शिकण्यासाठी स्वतः टोचून घ्यायलाच हवं असंही नाही. बर्लिनच्या गोड्या पाण्याच्या संशोधन संस्थेतले रॉबर्ट आर्लिंगहाउस यांच्यासह काही संशोधकांनी २०२० मध्ये कार्पवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या कार्पनी सोबत्याला गळाला लागताना नुसतं अनुभवलं होतं, तेही नंतर गळापासून जपून राहू लागले. हे एकमेकांना कळतं कसं? नजरेने कळत असेल, सोबत्याच्या धडपडीने कळत असेल. आणखीही एक वाट असू शकते. मधमाश्यांचा नाच उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवलं होतं, की कार्पच्याच कुळातल्या एका छोट्या माशाची कातडी फाटली की त्यातून एक द्रव्य पाण्यात सुटतं आणि त्या वासाने सगळा थवा बिथरतो.

(दृश्य: पुन्हा रिज लेक)

पण म्हणून ते २०० बास शिकून शहाणे झाले, असं म्हणता येईल का? मला इथे अडचण वाटते. जो एकदाही लागला नाही, तो शिकला कधी?

इलिनॉयमधले मत्स्यसंशोधक डेव्हिड फिलिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा छडा लावायला वीसहून जास्त वर्षं दिली. कधीच न लागलेल्या नर-माद्यांची एक वंशावळ त्यांनी वाढवली. एकाच हंगामात चार किंवा जास्त वेळा लागलेल्यांची दुसरी. दोन्हींची पिल्लं एकाच तळ्यात वाढवून त्यांच्यावर गळ टाकले. तीन पिढ्या हा उद्योग चालला, आणि दर पिढीला दोन वंशांतलं अंतर वाढत गेलं. गळाला लागणं काही अंशी रक्तातच असतं. गंमत म्हणजे भोळा वंश फारसा जास्त भोळा झाला नाही. सावध वंश मात्र अधिकाधिक सावध होत गेला.

अमेरिकेच्याच कनेक्टिकट राज्यातल्या अभ्यासाने याला जोड दिली. पिण्याच्या पाण्याच्या ज्या जलाशयांत मासेमारीला बंदी आहे, तिथल्या बासच्या तुलनेत गळ पडणाऱ्या तलावांतल्या बासचा स्वस्थ असतानाचा चयापचय मंद आढळला. भूक कमी, धावाधाव कमी, आमिषावर झडप घालणंही कमी. यात हुशारीचा काही संबंध नाही. जे हावरे होते ते टोपलीत गेले, थंड डोक्याचे मागे राहिले.

हुशारीबद्दल तर आणखी एक चक्रावणारी गोष्ट २०१९ मध्ये समोर आली. संशोधकांनी बासना आधी प्रयोगशाळेत एक धडा शिकवला, मग तळ्यात सोडून त्यांच्यावर गळ टाकले. जे धडा पटकन शिकले होते, तेच जास्त पकडले गेले!

आणि काही ठिकाणी तर शिकण्याचं नावच नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन नदीच्या, पकडून सोडून देण्याचा नियम असलेल्या पट्ट्यात १९८१ च्या हंगामात एकेक कटथ्रोट ट्राउट सरासरी ९.७ वेळा पकडला गेला. उन्हाळा तिथे छोटा असतो. तेवढ्यात पोट भरून घेणाऱ्या माशाला चोखंदळपणा परवडत नसावा, असा माझा तर्क. उलट तिकडे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लहान तळ्यांत रेनबो ट्राउटवर रोज गळ पडू लागले, तर सात ते दहा दिवसांतच मासे लागणं झपाट्याने उतरलं. पकडलेले मासे परत सोडले जात होते, म्हणजे मासे होते तिथेच होते. तेव्हा गळाला काही लागत नाही म्हणजे तळं रिकामं झालं, हा हिशेब फसवा आहे. मासे किती उरले हे नुसत्या गळाच्या नोंदींवरून ठरवणाऱ्यांनी तरी हे ध्यानात घ्यावं.

(दृश्य: उथळ पाण्यात वाळूतलं गोल घरटं, त्यावर घिरट्या घालणारा बास)

बासच्या बाबतीत प्रश्न याहून गंभीर आहे. वसंतात नर बास उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. पुढचं सगळं बापाकडे: पर हलवून अंड्यांवर ताजं पाणी खेळवायचं, जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जायचं. समोर गळावरचा रबराचा किडा आला तरी तो धावतोच. २०१२ मध्ये रिज लेकच्या वंशावळींवरच झालेल्या अभ्यासात दिसलं, की गळाला सहज लागणाऱ्या वंशातले नर पिल्लांची राखण जास्त नेटाने करतात. म्हणजे गळ पहिल्यांदा उचलतो तो चांगल्या बापाला.

म्हणूनच कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात बऱ्याच भागांत बासचा हंगाम जूनच्या उत्तरार्धात, घरटी बहुतेक उरकल्यावर उघडतो. पकडून लगेच सोडला तर काय बिघडलं, असं विचारणारेही असतात. त्यांनी ब्लूगिल या छोट्या माशाकडे बघावं. राखणदार वर होडीत मोजला जात असतो, आणि तेवढ्या काही मिनिटांत ब्लूगिलची टोळी घरट्यात शिरून अंड्यांवर ताव मारत असते.