अंतराळातून उतरल्यावरचा राजीनामा

नमस्कार. गेल्या महिन्यात माझी भाची घरी आली आणि चहा घेता घेता म्हणाली, "मावशी, मी राजीनामा टाकलाय." नोकरी चांगली, पगार चांगला, पुढच्या वर्षी बढती ठरलेली. माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला असेल? "ऑफिसात कुणाशी वाजलं का?" बाई चांगली नोकरी सोडते ती भांडण झालं तर, नाहीतर लग्न ठरलं तर. मी स्वतःला बरीच पुढारलेली समजते, तरी ही गत! त्या रात्री मला मे जेमिसन आठवली, आणि आज तिच्याबद्दलच बोलायचं मी ठरवलं.

जेमिसन आपल्याला सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत भेटते. अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, १२ सप्टेंबर १९९२, यानाचं नाव 'एंडेव्हर'. ओळ संपली. त्यापुढची ओळ कुणी छापत नाही. मार्च १९९३मध्ये तिने नासा सोडली. यान उतरून जेमतेम सहा महिने झाले होते आणि तिचं वय होतं छत्तीस. ती पुन्हा अंतराळात गेली नाही.

आता थोडं मागे जाऊ. शिकागोतली बालवाडी. बाईंनी विचारलं, मोठेपणी कोण होणार? मे म्हणाली, शास्त्रज्ञ. बाई म्हणाल्या, म्हणजे नर्स ना? यात बाईंचा हेतू वाईट नसेलही. पोरीला झेपेल असं स्वप्न हातात द्यावं, एवढंच त्यांना वाटलं असेल. पण काळ्या मुलीचं यश केवढं असावं, याचं माप कुणीतरी आधीच कापून ठेवलेलं होतं. मे कमरेवर हात ठेवून म्हणाली, नाही, शास्त्रज्ञच.

सोळाव्या वर्षी ती स्टॅनफर्डला गेली. १९७७ साली केमिकल इंजिनिअर झाली, १९८१ साली कॉर्नेलमधून डॉक्टर. मधल्या काळात एक वेगळाच पेच होता: डॉक्टर व्हायचं की नर्तकी? नाच हा तिचा फावल्या वेळेचा छंद नव्हता, जीव होता. तिची आई शाळेत शिकवायची. आईने सांगितलं, डॉक्टर होऊन नाचता येईल, नर्तकी होऊन डॉक्टरकी करता येणार नाही. आपल्याकडची कुठलीही आई हेच सांगेल, नाही का?

डॉक्टर झाल्यावर ती १९८३ ते १९८५ पश्चिम आफ्रिकेत होती, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये. पीस कोअर ही अमेरिकन सरकारची संस्था परदेशात मदतीसाठी स्वयंसेवक पाठवते; त्या स्वयंसेवकांची वैद्यकीय जबाबदारी तिच्यावर होती. एका स्वयंसेवकाला मेंदुज्वर झाल्याचं तिचं निदान होतं. तिथल्या तिथे उपचार करून भागणार नाही, हे दिसल्यावर तिने लष्कराचं रुग्णवाहू विमान मागवलं. खर्च ऐंशी हजार डॉलर. हा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असा प्रश्न आला. तिने सांगितलं, या निर्णयाला मला कुणाची परवानगी लागत नाही. रुग्ण वाचला. मला वाटतं, १९९३चा राजीनामा समजून घ्यायचा तर हा प्रसंग उड्डाणापेक्षा जास्त उपयोगी आहे.

१९८७ साली सुमारे दोन हजार अर्जांतून नासाने पंधरा जण निवडले, त्यात ती होती. आणि यानात तिने सोबत काय नेलं, ते बघा. बेसी कोलमनचा फोटो. या कोलमनबाईंना अमेरिकेत एकाही शाळेने विमान शिकवलं नाही. त्या फ्रान्सला गेल्या आणि १९२१ साली परवाना घेऊन आल्या. शिवाय सिएरा लिओनमधली एक मूर्ती. आणि अमेरिकन नृत्यदिग्दर्शक अल्विन एली यांच्या नृत्यसंस्थेचं पोस्टर, जगभरच्या काळ्या स्त्रियांना, विशेषतः मातांना, अर्पण केलेल्या एकल नृत्याचं. नासाने तिला विज्ञानाचे प्रयोग करायला पाठवलं होतं, ते तिने चोख केले. पण सामानात नाच होता, आफ्रिका होती.

म्हणून ती बाहेर पडली, तेव्हा मला ते सोडून जाणं वाटत नाही. तिने स्वतःची कंपनी काढली आणि पश्चिम आफ्रिकेत आरोग्यसेवेसाठी उपग्रहांचा वापर करण्याच्या कामाला लागली. आईच्या नावाने संस्था काढली, मुलांसाठी विज्ञान शिबिरं घेतली, डार्टमथ कॉलेजात शिकवलं. घरात नाचासाठी स्टुडिओ बांधला. आईचा सल्ला तिने पाळला, पण अर्धा विसरली नाही.

खरी अडचण 'पहिली' या शब्दात आहे. पहिली म्हटलं की ती खुर्ची तिची एकटीची राहत नाही. मागे रांग उभी असते, पुढे टीकाकार. गोरा पुरुष एका उड्डाणानंतर बाहेर पडला तर लोक म्हणतील, आता दुसरं काहीतरी करतोय. काळी बाई उठली तर म्हणतील, एवढी संधी मिळाली आणि घालवली.

आणि हो, मी राजीनाम्याचा प्रचार करायला आलेले नाही. डोरोथी व्हॉन याच नासाच्या लँग्ली संशोधन केंद्रातल्या गणिती. आकडेमोड करणाऱ्या काळ्या बायकांचा विभाग वेगळा असायचा. त्याच्या १९४९पासून त्या प्रमुख. १९५८मध्ये भेदाभेद संपला, तो विभाग बंद झाला आणि त्याबरोबर यांचं पदही गेलं. असाही न्याय असतो! सहा मुलांच्या आईने तेव्हा काय करावं? त्या फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकल्या, इतरांनाही शिकवलं. १९७१ला निवृत्त झाल्या, पण प्रमुखपद पुन्हा मिळालं नाही. त्यांच्या राहण्याला मी जेमिसनच्या जाण्यापेक्षा कमी मानायला तयार नाही. फरक एवढाच की जेमिसनला दार उघडून जाता आलं. व्हॉनबाईंच्या वाट्याला आलं ते दार वेगळं होतं, आणि त्यांनी ते आतून मोठं केलं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त भाचीचं पुढे काय झालं, ते विचारू नका. तिचा नोटीस पीरियड अजून चालू आहे.