कॅसिनो बंद पडतात ते जुगारी संपले म्हणून नाही

तर मंडळी, कॅसिनो म्हटलं की आपल्याला वाटते मालक कधी हरतच नाही. एका टेबलापुरतं हे खरंय, पण टेबलासमोर माणूसच बसला नाही तर कसलं गणित बावा, पत्ते वाटणाऱ्या डीलरचा पगार आणि एसीचं बिल तर चालूच राहते ना.

अटलांटिक सिटी घ्या. न्यू जर्सीतलं समुद्रकाठचं, उतरणीला लागलेलं गाव. 1976 मध्ये मतदारांनी कॅसिनोला होकार दिला, 1978 मध्ये पहिला उघडला, तेव्हा नेवाडा सोडलं तर अमेरिकेत कायदेशीर कॅसिनो कुठंच नव्हता. मग काय, न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाहून बसा भरून म्हातारेकोतारे यायचे आणि उतरले की कॅसिनोवालेच हातात नाणी द्यायचे, जा, खेळ. 2006 मध्ये वर्षाची कमाई पाच अब्ज डॉलरच्या वर गेली. लोकांना वाटलं ही समुद्राची, रोषणाईची कमाल. अहो, शेजारच्या राज्यात बंदी होती, ही खरी कमाल!

कारण 2006 च्या शेवटी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात स्लॉट मशीन, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या जुगाराच्या मशीन आल्या, 2010 ला पत्त्यांची टेबलंही आली, आणि तिथल्याच फिलाडेल्फियाचा माणूस शंभर किलोमीटर कशाला जाईल? अन् नेमकं अशात, 2012 मध्ये, 2.4 अब्ज डॉलर ओतून अटलांटिक सिटीत रेव्हेल नावाचा कॅसिनो उघडला. सिगारेट बंद, बसवाले नकोत, आम्हाला भारी गिऱ्हाईक पाहिजे. 2014 मध्ये कुलूप, पुढच्या वर्षी विकला गेला 8.2 कोटी डॉलरला. त्या 2014 मध्ये बारापैकी चार कॅसिनो बंद पडले, आठेक हजार लोक घरी बसले. आणि गंमत बघा, उरलेल्यांचा नफा पुढच्या वर्षी वाढला, गिऱ्हाईक तेवढंच आणि वाटेकरी कमी. आपल्या नागपूरच्या हिंगणा रोडपासून चंद्रपूरपर्यंत इंजिनीअरिंगच्या सीटा रिकाम्या राहायला लागल्या तेव्हा हेच चाललं होतं, पोरं तेवढीच आणि कॉलेजं जास्त, पण ते बोललो तर इथले अर्धे लोक रागावतील.

मग तिथलं राज्य सरकार नवीन परवाने थांबवत का नाही? कारण कर नफ्यावर नाही, जुगारी जेवढं हरतो त्या रकमेवर आहे, पेनसिल्व्हेनियात स्लॉटवर तर अर्ध्याहून जास्त. नवीन कॅसिनोनं जुन्याचं गिऱ्हाईक पळवलं काय अन् शेजारच्या राज्याचं पळवलं काय, सरकारचा वाटा येतोच, मरतो तो कर्ज काढून बिल्डिंग बांधणारा आणि तिथं पत्ते वाटणारी पोरं.

मघाशी एका भाऊंनी विचारलं की नागपूर देशाच्या मध्यावर, एअरपोर्ट आहे, हायवे आहेत, मग इथं कॅसिनो का नको. कायदा होता बरं का, महाराष्ट्रानं 1976 मध्येच केला, लागू कधी झाला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. नैतिक-बितिक बाजू सोडून देतो. समजा उघडला आणि धो-धो चालला, तर मध्य प्रदेशवाले सिवनीत आपला उघडायला कितीक दिवस लावतील? जबलपूरचा माणूस मग पुढं नागपूरला येणार आहे का?