आधी दार उघडा

ही गाडी लाल आहे आणि तिला निळी करायची आहे. बाहेरून पाहिलं तर काम सोपं वाटतं. पण दार उघडा. चौकट लाल. बिजागरीमागचा पत्रा लाल. डिकीच्या रबराखालची पन्हळ लाल, बॉनेटची आतली बाजूही लाल. तोच रंग पुन्हा द्यायचा असता, तर या जागा सोडून चाललं असतं. रंग बदलताना मात्र काम वाढतं ते इथेच.

पॉलिश पेपर हातात घेण्याआधी गाडी साबणाने धुवायची, मग ग्रीस रिमूव्हरने पुसायची. एका फडक्याने लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. हा क्रम चुकला, तर जुन्या पॉलिशमधलं मेण आणि सिलिकॉन घासताना ओरखड्यांत जाऊन बसतं. मग नवा रंग तिथून बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

दिवे, हँडल, रबरी पट्ट्या काढून ठेवलेल्याच बऱ्या. न काढता त्यांवर टेप लावली, तर टेपच्या कडेशी रंगाची धार उरते आणि पुढे पापुद्रा तिथूनच सुटतो.

जुना रंग घट्ट असेल, तर तो पत्र्यापर्यंत खरवडायची गरज नसते. चमक मरेपर्यंत घासला की पुरे. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, सुटलेला असेल तिथे मात्र कड बोटांना लागेनाशी होईपर्यंत घासायचं. डोळे मिटून तळवा फिरवा, डोळ्यांना न दिसलेला उंचवटा हाताला कळतो. खड्डे भरायला लावलेली पुट्टी कोरडीच घासायची, ती पाणी धरून ठेवते आणि खाली गंज धरतो.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, वाळला की त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारायचा. आता लाकडी ठोकळ्याला ४०० नंबरचा पेपर गुंडाळून घासा. उंच भागावरचा काळा निघून जातो. खोलगट जागी मात्र काळे ठिपके तसेच राहतात. तिथे पुन्हा भरायचं, पुन्हा घासायचं. शेवटचा हात ६०० नंबरचा.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हार्डनर घालून मारायच्या टू-के रंगात आणि प्रायमरमध्येही आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि धुळीचा साधा मास्क ते अडवत नाही. घासणं, पुट्टी, टेप लावणं घरी जरूर करा. असा फवारा मारायचं काम मात्र बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क असलेल्या रंगाऱ्याकडे, बूथमध्येच म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीतच द्यावं.

रंगायला जाण्याआधी पुन्हा एकदा दार उघडतो. टॉर्च पत्र्याला जवळपास टेकवून आडवा धरतो. बिजागरीमागे नखाएवढी जागा अजून चमकते आहे. पेपरची घडी घालून बोट तिथवर पोहोचवावं लागतं.