गाठ, फोटो आणि नारू

नमस्कार श्रोतेहो.

नायजेरियाच्या नैऋत्येला इबादान नावाचं मोठं शहर आहे. तिथलं युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटल 1957 साली सुरू झालं. अशा रुग्णालयातल्या मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेत, काय काय सापडतं, त्याबद्दल आज बोलू या.

युरोपात बऱ्याच देशांत ठरावीक वय झालं की बाईच्या घरी पत्र येतं, तपासणीला या म्हणून. नायजेरियात असं पत्र येत नाही. तिथली बाई बहुधा हाताला गाठ लागली, दुखायला लागलं किंवा बोंडातून पाणी आलं, तर येते. आणि फोटोचे पैसे बहुतेक वेळा तिच्याच पदरचे. म्हणजे त्या खोलीत येणारी बाई आधीच धास्तावलेली असते. दोन पाट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबून धरायचा, प्रत्येक बाजूचे दोन, असे चार फोटो. दुखतं, पण लवकर उरकतं.

आणि गंमत बघा, एवढी भीती घेऊन आलेल्या बायकांचे बहुसंख्य फोटो निर्धोक निघतात. अहवालावर एक आकडा असतो. ही बाय-रॅड्स पद्धत अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांनी 1993 मध्ये आणली, आता जगभर चालते. एक म्हणजे काही नाही, दोन म्हणजे निर्धोक, तीन म्हणजे बहुधा निर्धोक, सहा महिन्यांनी परत या. चार किंवा पाच असेल तर सुईने तुकडा काढून तपासायलाच हवा. शून्य पाहून मात्र कुणी निःश्वास टाकू नये. शून्याचा अर्थ तपासणी अपुरी आहे, अजून फोटो किंवा सोनोग्राफी लागेल.

सोनोग्राफी तिथे वरचेवर लागते. तरुण बाईच्या स्तनात ग्रंथींचा भाग जास्त असतो. एक्स-रेत तो पांढरा दिसतो आणि कर्करोगाची गाठही पांढरीच. पांढऱ्या भिंतीवर खडूची रेघ शोधण्यासारखं ते काम! नायजेरियात कर्करोगाच्या बऱ्याच रुग्ण पन्नाशीच्या आतल्या असतात, त्यामुळे ही अडचण तिथे नेहमीचीच.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट वेगळी आहे. पश्चिम आफ्रिकेत कधीकधी एखाद्या वयस्क बाईच्या फोटोत लांबच लांब, वेटोळं घातलेली पांढरी रेघ दिसते. तो असतो मेलेला नारू! होय, आपल्या आज्या-पणज्यांना पायविहिरीच्या पाण्यातून होणारा तोच नारू. बाहेर न पडता अंगातच मेलेल्या जंतावर चुना साठत जातो आणि तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. त्याने काही बिघडत नाही. आपल्याकडे 1996 मध्ये शेवटचा रुग्ण सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. नायजेरियाला ते प्रमाणपत्र 2013 मध्ये मिळालं. रोग देशातून गेला, त्याची खूण तेवढी बाईच्या फोटोत राहिली. न ओळखणाऱ्या डॉक्टरने ती पाहून उगाच सुई घातली तर? म्हणून तिथल्या रेडिओलॉजिस्टला कर्करोगाइतकाच नारूही ओळखता यावा लागतो.

आता चार आणि पाच आकडेवाल्या बायकांकडे येऊ. माझ्या मते खरी गोची फोटोनंतर आहे. गाठ लागल्यापासून निदान हाती येईपर्यंत तिथे अनेकदा महिने उलटतात. आधी घरगुती उपाय, मग छोटा दवाखाना, मग पैशांची जुळवाजुळव. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुरू केलेल्या स्तनाच्या कर्करोगाविरुद्धच्या उपक्रमात निदानाला 60 दिवसांची मुदत घातली, ती उगाच नाही. नायजेरियासह आफ्रिकेतल्या 5 देशांतल्या रुग्णांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात 3 वर्षांनी निम्म्याच बायका हयात होत्या.

मग सगळीकडे यंत्रंच बसवायची का? इथे आपल्या मुंबईचं काम आठवतं. टाटा मेमोरियलने 1998 पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक बायकांवर एक चाचणी केली. निम्म्यांची तपासणी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली. यंत्र नाही, फोटो नाही. 2021 मध्ये 20 वर्षांचे निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत गाठी लवकर सापडल्या, पण मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. आणि इबादानच्या रांगेत बसलेल्या बऱ्याच जणी याच वयाच्या आहेत.