हाताचं वळण

नमस्कार, श्रोतेहो.

चित्रांविषयी रेडिओवर बोलायचं, असा निरोप आला तेव्हा मला हसूच आलं. दाखवता काही येणार नाही, मग बोलायचं काय? कार्यक्रमाच्या निर्मात्या म्हणाल्या, ‘‘चित्रांचं नका सांगू. काढताना काय झालं ते सांगा.’’ तेव्हा तेच सांगते.

मी पुस्तकांची, मासिकांची चित्रं काढते. वीसेक वर्षं हाच धंदा. दोन वर्षांपूर्वी एका सामाजिक संस्थेनं मला भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी बारा चित्रं काढायला सांगितली. विषय होता शरीरांचं वैविध्य. बाई, पुरुष, तृतीयपंथी, जाड, बारीक, काळं, गोरं, अपंग, म्हातारं, सगळं त्यात यायला हवं आणि बघणाऱ्याला छान वाटायला हवं. पैसे बरे होते, मुदत तीन महिन्यांची. महिन्याभरात हातावेगळं करू, असा माझा हिशेब.

पहिल्या आठवड्यात आठ कच्ची चित्रं झाली. आई टेबलाशी मटार सोलत बसली होती, तिच्यासमोर ती मांडली. तिनं चष्मा वर केला, एकेक कागद पाहिला आणि विचारलं, ‘‘या सगळ्या बहिणी का गं?’’

मी पुन्हा पाहिलं. एक जाड होती, एक सावळी, एक चाकाच्या खुर्चीत, एकीचे केस पांढरे. पण चेहरा एकच. तेच लांबट डोळे, तीच हनुवटी, तीच मान. जाड बाईसुद्धा बारीक बाईला कापूस भरल्यासारखी दिसत होती. एकाच बाईला मी आठ वेळा कपडे बदलायला लावले होते.

आपल्याकडे अक्षराला वळण म्हणतात, आणि मुलांना लावतात तेही वळणच. माझ्या हाताला हे वळण कुठून लागलं, ते मी शोधत बसले. शाळेत आम्ही शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेडच्या परीक्षा दिल्या. त्यात स्मरणचित्राचा पेपर असायचा: बाजार, पाणवठा, गणपतीची मिरवणूक. स्मरण म्हणजे खरं तर पाठांतर. डोक्यावर घागर घेतलेली एक बाई मला इतकी पाठ होती की डोळे मिटून काढली असती. पुढे कॉलेजात प्रमाण शिकवलं, उभ्या माणसाची उंची म्हणजे त्याचीच साडेसात डोकी. आमच्या वर्गात मॉडेल म्हणून बसणारे मामा जेमतेम सहा डोक्यांचे होते. आम्ही सगळे त्यांना साडेसात करत होतो आणि त्याचे मार्कही मिळत होते.

शिवाय घरात दिवाळी अंकांचा गठ्ठा. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे चित्रकार, दोघेही मूळचे गोव्याचे, आणि दोघांनी चितारलेल्या बायका मी ट्रेसिंग पेपर लावून गिरवल्या आहेत. आजही त्या रंगांपुढे मी हात जोडते. पण ती कंबर, ती बोटं, ती गुळगुळीत कातडी त्या गिरवण्यातून माझ्या मनगटात उतरली, हेही खरं. आपल्या भाषेनं त्याला खतपाणीच घातलं. चवळीची शेंग म्हणायला शब्द आहे, शेलाटी आहे, सडपातळ आहे. जाड बाईला मात्र आपल्याकडे फक्त टोमणे आहेत.

गंमत म्हणजे ज्या काळात हा मराठी बाईचा नमुना घडत होता, तेव्हा बायका साडी नेसण्याची, दागिने घालण्याची तऱ्हा उचलत होत्या ती बालगंधर्वांची. म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस या पुरुषाची! शालीन, घरंदाज बाई कशी दिसावी, हे एका पुरुषानं रंगमंचावर उभं केलं आणि घराघरांतल्या बायकांनी ते आपलं मानलं. हे मला चाळिशीत सुचलं. शाळेत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तर मी ती आठही चित्रं फाडली. संस्थेला म्हटलं, मला माणसं द्या. समोर बसलेली माणसं.

बाराजण आले. त्यांची नावं मी सांगणार नाही, आमच्यात ती महिन्यांच्या नावांनीच ओळखली गेली. फेब्रुवारीच्या बाईंचा एक स्तन कर्करोगामुळे काढलेला आहे. संस्थेच्या मनात त्यांच्यासाठी ऑक्टोबर होता, कारण ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना. बाई म्हणाल्या, ‘‘ऑक्टोबरात सगळे गुलाबी फिती लावून फिरतात, मला नको. माझा वाढदिवस फेब्रुवारीत असतो.’’ त्यांना काढताना माझा हात आपोआप त्या बाजूला पदर ओढत होता. तिसऱ्यांदा पदर आला तेव्हा त्यांनीच विचारलं, ‘‘तुम्हाला थंडी वाजतेय का?’’

सप्टेंबरच्या मुलीला कोड आहे. आता तिच्या कातडीचा रंग कसा करायचा? लहानपणी खडूच्या पेटीत एक फिकट गुलाबी खडू असायचा, त्याला आम्ही सर्रास ‘स्किन कलर’ म्हणायचो. वर्गातल्या एकाचीही कातडी तशी नव्हती. अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या अशाच खडूचं नाव ‘फ्लेश’ होतं, ते 1962 मध्ये बदलून ‘पीच’ केलं. आमच्या बोलण्यातून तो ‘स्किन कलर’ काही गेला नाही. सावळ्या कातडीला नुसता तपकिरी फासला की ती मातीच्या भांड्यासारखी दिसते. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात थोडा निळा घातला की सावली जिवंत होते, उजेडाच्या बाजूला पिवळा लागतो, कानाच्या पाळीला लाल. आणि कोडाचा डाग म्हणजे नुसता पांढरा रंग नव्हे. त्याची कड कुठे धारदार असते, कुठे ठिपक्याठिपक्यांनी विरत जाते. नकाशातल्या किनारपट्टीसारखी. मी तसं म्हटल्यावर तिनं डावा हात पुढे केला. ‘‘ही बघा श्रीलंका. दहावीत असताना उगवली.’’ त्या एका हाताला मला दोन दिवस लागले.

जूनचे गृहस्थ चाकाच्या खुर्चीत असतात. त्यांच्यामागे खुर्ची ढकलणारा मुलगा मी आधीच काढून ठेवला होता. म्हणाले, ‘‘हा कोण? याला घरी पाठवा. खुर्ची मीच चालवतो.’’ मग मी त्यांचे खांदे नीट पाहिले. पैलवानाचे खांदे! पाय बारीक, आणि दंड असे की शर्टाची बाही तटतटलेली. माझ्या डोक्यात होती दवाखान्याच्या दारावरची ती निळी-पांढरी खूण. ती 1968 साली सुझान कोफोड नावाच्या डेन्मार्कच्या एका विद्यार्थिनीनं काढली. तिच्या मूळ आकृतीत नुसती खुर्ची आणि धड, डोकं नव्हतंच. डोक्याचा गोल नंतर जोडला गेला. जूनच्या काकांना हे सांगितलं तेव्हा ते खो खो हसले. ‘‘मला काढताना डोक्यापासून सुरुवात करा म्हणजे झालं.’’

एप्रिल महिना एप्रिलच्या ताईंनी स्वतः मागून घेतला. त्या तृतीयपंथी आहेत आणि पोळीभाजी केंद्र चालवतात. 15 एप्रिल 2014 या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं नालसा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, खटल्यात निकाल दिला: आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ताईंना ती तारीख वाढदिवसासारखी पाठ. संस्थेच्या कॅलेंडर समितीतल्या एका सभासदांनी हौसेनं सुचवलं, यांना अर्धनारीनटेश्वराच्या रूपात दाखवू, घारापुरीच्या लेण्यात आहे तसं. मलाही ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? घारापुरीचं ते शिल्प आहेच तसं देखणं. ताईंनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, ‘‘देव केलंस की लोक पाया पडतात आणि खोली भाड्यानं देत नाहीत. पोळपाटापाशी काढ मला.’’

काढलं. पोळपाट, लाटणं, पिठाचे हात. त्यांनी चित्र उचलून विचारलं, ‘‘मनगटं कुणाची काढलीस?’’ माझ्या हातानं गुपचूप त्यांची मनगटं बारीक केली होती. खरी मनगटं रुंद आहेत, रोज दोनशे पोळ्या लाटणारी. मी ती पुन्हा काढली.

मी त्यांना बंगळुरूच्या अरवानी आर्ट प्रोजेक्टबद्दल सांगितलं. पूर्णिमा सुकुमार यांनी 2016 साली तो सुरू केला. तिथे तृतीयपंथी स्त्रिया स्वतः शिडीवर चढून भिंती रंगवतात, आणि 2024 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, त्यांचं काम लागलं होतं. कुणीतरी आपलं चित्र काढावं म्हणून त्या बसून राहत नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटलं. ताई म्हणाल्या, ‘‘शिडीवर माझे गुडघे चढत नाहीत. मला साडीची बॉर्डर दे.’’ एप्रिलच्या चित्रातल्या साडीचे काठ त्यांनी रंगवले आहेत. एका जागी रंग बाहेर गेलाय, तो तसाच ठेवला.

समितीत अर्थात चर्चा झाली. लोकांना चालेल का, घरात लावतील का, फेब्रुवारी जरा सौम्य करता येईल का. मी बालभारतीचं उदाहरण दिलं. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून पालेभाजी निवडतायत, असं चित्र आलं. त्या चित्राची बातमी झाली होती. पुरुषाच्या हातात भाजीची जुडी दिली की बातमी होते, मग आपल्या कॅलेंडरचं काय घेऊन बसलात! सरकारी पुस्तकानं केलं म्हटल्यावर समितीला धीर आला. माझ्या युक्तिवादापेक्षा बालभारतीच्या नावाचा उपयोग जास्त झाला, हे मला कळतंय.

छपाईला मी स्वतः उभी राहिले. पहिला प्रूफ आला आणि पाहते तर सगळे चेहरे उजळलेले. मशीनवरचे दादा सहज म्हणाले, ‘‘मॅडम, काळं कमी केलं जरा. चेहरे मळकट येत होते.’’ त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिका, उमेदवारांचे फ्लेक्स, सगळ्यांचे चेहरे ते असेच वर्षानुवर्षं उजळत आले आहेत. त्यांच्या हातालाही वळण होतंच. त्यांना काय बोलणार? मी बहिणीबहिणी काढून बसले होते. आम्ही दोघांनी चहा मागवला आणि मूळ चित्र शेजारी ठेवून एकेक रंग पुन्हा जुळवला. सप्टेंबरची श्रीलंका नीट यायला सात शीट वाया गेल्या. त्यातली ऑगस्टच्या कोळीणबाईंची एक शीट दादांनी मशीनमागच्या कपाटाला चिकटवली. ‘‘आमची आत्या अशीच बसायची,’’ म्हणाले.

कॅलेंडर घेऊन मी पहिल्यांदा ताईंच्या केंद्रावर गेले. दुपारची गर्दी ओसरली होती. त्यांनी हात पुसले, एप्रिल उघडलं, मनगटं पाहिली, काठ पाहिले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, ‘‘नाक मोठं काढलंस.’’

‘‘ताई, तसंच आहे.’’

‘‘असू दे की. थोडं कमी केलं असतंस तर काय बिघडलं असतं?’’

आणि मला जेवायला वाढलं. कॅलेंडर गल्ल्याच्या वर लागलं. एप्रिल संपून जमाना झाला, पण पान काही उलटलेलं नाही. आजची तारीख बघायची तर गिऱ्हाइकांना मोबाईल काढावा लागतो.

नमस्कार.