गुलाब रुजताना

पडद्यावर दिसणारी ही तांबडी माती बेळगावच्या पश्चिमेची, खानापूरच्या वाटेवरची आहे. तिच्यातून पाण्याचा निचरा लवकर होतो. पूर्वेला गोकाक-अथणीकडे काळी जमीन लागते आणि तेथे साचलेल्या पाण्याने मुळे कुजण्याची धास्ती अधिक असल्यामुळे गुलाबाची लागण उंच वाफ्यावरच करावी. जुलैतल्या झडीत नवे रोप लावू नये, असे आमचे मत आहे. सप्टेंबरअखेर उघडीप मिळाली की हात घालावा.

खड्डा सुमारे 45 सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि खोल घेतला आहे. त्यात माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत मिसळले आहे. रासायनिक खताचा एक दाणाही नाही, कारण कोवळी मुळे त्याने करपतात. रोपाची पिशवी ब्लेडने उभी कापून मुळांभोवतीचा मातीचा गोळा, म्हणजे हुंडी, न फोडता बाहेर काढली जाते आणि तळाशी वेटोळे घातलेली मुळे तेवढी बोटांनी मोकळी केली जातात. आता खोडाच्या बुंध्याकडे नीट पाहावे. तेथे गाठीसारखा जो फुगवटा आहे, त्या जागी रानटी खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या खालच्या रोपावर, निवडलेल्या जातीचा डोळा (फुटणारा कोंब) बसवलेला असतो. ही गाठ मातीच्या दोन-तीन बोटे वर राहील, अशा बेताने रोप बसवतात. पश्चिमेच्या वाऱ्याने रोप हलत राहिले की नुकतीच फुटलेली तंतुमुळे तुटतात, म्हणून शेजारी काठी रोवून ते सैलसर बांधले आहे.

काही दिवसांतच ही तांबूस पालवी दिसू लागते आणि रोप जगले, असे समजून बहुतेकांचे लक्ष उडते. वास्तविक ही पालवी फांदीत साठलेल्या अन्नावर फुटलेली असते. मुळांनी हुंडीबाहेरच्या मातीत अजून पाऊलही टाकलेले नसते. या काळात पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत खुपसून ओल तपासावी आणि पाणी द्यायचे तेव्हा ते खोलवर मुरेल इतके द्यावे.

ही ओल टिकवण्याचे साधन याच मुलखात ढिगांनी पडलेले आहे. चिकोडी-निपाणीच्या पट्ट्यात ऊसतोडणी झाली की फडातले पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, अनेक ठिकाणी पेटवून दिले जाते. संध्याकाळच्या या धुरात खरे तर मातीचे पांघरूणच जळत असते. तेच पाचट येथे आळ्यात चार बोटे जाडीने अंथरले आहे. ते मातीत मिसळायचे नाही, कारण कच्चे पाचट कुजताना मातीतले नत्र ओढून घेते. खोडाभोवती वीतभर जागाही मोकळी ठेवलेली दिसेल. खोडाला भिडलेल्या ओल्या पाचटात वाळवी आणि बुरशी लागते. असे आच्छादन नसेल, तर एप्रिलच्या उन्हात नवे रोप वाळण्याची भीती अधिक असते.

सुरुवातीच्या कळ्या खुडताना जीव हळहळतो खरा, पण तीन-चार दणकट फांद्या फुटेपर्यंत त्या खुडाव्यातच. गाठीखालून, खुंटातून येणारी फूट मात्र कात्रीने न कापता माती उकरून मुळाशी ओरबाडून काढावी. वरून कापल्यास ती पुन्हा फुटते. पहिली हलकी छाटणी पुढचा पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरात करावी.